सुटी कॉइल घेतलीत का?

३१ डिसेंबरला संध्याकाळी साडेपाचला मी इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या व्हेपच्या दुकानातून आयुष्यातली पहिली ई-सिगारेट घेऊन बाहेर पडलो. १ जानेवारीला सकाळी दहाला मी पेट्रोल पंपावर उभा राहून वीसचं पाकीट फोडत होतो. बायकोला दिलेला शब्द, नवीन वर्ष, सगळं त्या सोळा तासांत आटोपलं. कारण एवढंच की आतली कॉइल, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून वाफ करणारा छोटा भाग, जळली, दुसरी माझ्याकडे नव्हती आणि दुकान बंद होतं. सिगारेट पंपावर कधीही मिळते, आपल्या मापाची कॉइल मिळत नाही. त्यानंतर पुन्हा हिंमत करायला ऑगस्ट उजाडला. तेव्हा खाली बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण सुटी कॉइल घ्या.

आधी एक स्पष्ट करतो. हे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि आज सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी आहे. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे पुण्याहून ‘कुठे मिळेल’ असं विचारू नका. आणि जो मुळात ओढतच नाही त्याने या वाटेला जायचं काहीच कारण नाही. सिगारेटमध्ये जाळल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं, इथे जाळणं नाही, एवढाच फायदा. निकोटिन तेच आणि व्यसनही तेच. निरुपद्रवी वगैरे काही नाही.

दुकानात जायच्या आधी तीन दिवस स्वतःच्या सिगारेटी मोजा. खऱ्या मोजा. मी दुकानदाराला दहा-बारा सांगितल्या होत्या, निघत होत्या अठरा. ऑफिसच्या मागच्या दाराशी कुणीतरी पुढे केलेल्या आपण मोजतच नाही. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात पेटते तेही बघा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर शरीर निकोटिनवर चांगलंच टेकलेलं आहे आणि हलकं लिक्विड घेऊन भागणार नाही. लाजेपोटी आकडा कमी सांगितला की दुकानदार ताकद कमी देतो, आपण अर्धपोटी राहतो आणि रात्री अकराला खिशात लायटर शोधत बसतो.

ताकदीबद्दल थोडं नीट सांगतो. इथल्या कायद्याप्रमाणे निकोटिनचं लिक्विड एका मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम असतं, बाटली १० मिलिलिटरची आणि टाकी २ मिलिलिटरची. दिवसाला वीसच्या आसपास ओढणाऱ्याने १८-२० पासून सुरू करावं. मी ३ घेतलं. ‘सुरुवातच कमीपासून करू’ हा शहाणपणा. तो शेवटी करायचा असतो, सुरुवातीला नाही. सुरुवातीला सिगारेट सुटली पाहिजे, निकोटिन नंतर बघू. जास्त झालं तर शरीर सांगतंच, मळमळतं किंवा डोकं हलकं होतं, मग थोडा वेळ बाजूला ठेवायचं. २० चं साधं लिक्विड घशाला फार लागत असेल तर निक सॉल्ट, म्हणजे निकोटिनच्या क्षाराचं लिक्विड, मागा, ते घशाला मऊ असतं.

बाटलीवर दोन आकड्यांचं प्रमाण लिहिलेलं असतं, पीजी आणि व्हीजी. पीजी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते पातळ. व्हीजी म्हणजे ग्लिसरीन, ते घट्ट. पहिल्यांदा निम्मं-निम्मं घ्या. ७० टक्के व्हीजीवालं लिक्विड मोठ्या, वाफेचे ढग सोडणाऱ्या डिव्हाइससाठी असतं. छोट्या कॉइलच्या कापसात ते पुरेसं झिरपत नाही, कापूस कोरडा पडतो आणि जळतो. माझ्या पहिल्या कॉइलच्या मरणातला हा निम्मा भाग. दुकानात ५० मिलिलिटरची मोठी स्वस्त बाटली दिसते, तिच्यात निकोटिन नसतंच. वरून १८ ची १० मिलिलिटरची छोटी बाटली ओतायची, म्हणजे साठ मिलिलिटरमध्ये १८० मिलिग्रॅम, पडलं ३. नवख्याने तिकडे बघू नये. मी बघितलं होतं, स्वस्त म्हणून.

डिव्हाइस छोटं, पॉडचं (पॉड म्हणजे लिक्विड भरायची छोटी टाकी), सिगारेटसारखा आवळून झुरका देणारं. चार्ज होणारं, पुन्हा भरता येणारं. वापरून फेकायची डिव्हाइसेस १ जून २०२५ पासून इथे विकायलाच बंदी आहे. तरी कुणी काउंटरखालून काढून देत असेल तर त्या दुकानातून बाहेर पडा. रंग, दिवे, स्क्रीन यावर एक पेनीही घालू नका. विचारायचा प्रश्न एकच: याची कॉइल तुमच्याकडे नेहमी असते का? नसेल तर डिव्हाइस कितीही देखणं असो, दुसरं दाखवायला सांगा.

आता कॉइल. पॉडच्या तळाशी बसणारी ही बोटाच्या पेराहूनही लहान धातूची नळी, आत तार आणि तारेभोवती कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ होते. ही झिजणारी वस्तू आहे. दुकानात हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एक कॉइल आठवडा ते दोन आठवडे चालते. गोड लिक्विड असेल तर आधीच काळी पडते, कारण साखरेसारखा थर तारेवर बसतो. आंबा, कस्टर्ड वगैरे घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. खोक्यात कधी एक येते, कधी दोन. एकवर विसंबू नका. दोनवरही विसंबू नका. पाचांचं पाकीट त्याच काउंटरवर, त्याच पिशवीत घ्या. पाच कॉइल साधारण सिगारेटच्या एका पाकिटाच्या पैशात येतात. त्या दिवशी वाचवलेले पैसे मी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पंपावर मोजले, आणि पुढचे सात महिने मोजत होतो.

कॉइल एकमेकींना चालत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन डिव्हाइसच्याही चालतील असं नाही. खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, त्यावर कॉइलचं नाव आणि ओहमचा, म्हणजे तारेच्या विद्युतरोधाचा, आकडा असतो. काही डिव्हाइसमध्ये कॉइल वेगळी निघतच नाही, ती पॉडमध्येच बसवलेली असते. मग सुटे पॉड घ्या. नाव काही असो, सुटं घ्या.

आणि ती जाळू नका. नवीन कॉइलच्या बाजूला भोकं असतात, त्यातून पांढरा कापूस दिसतो. त्यावर लिक्विडचे तीन-चार थेंब सोडा, मग टाकी भरा आणि दहा मिनिटं तसंच उभं ठेवा. दहा म्हणजे दहा. चहा टाका, उकळू द्या, गाळा. मी कोट काढायच्या आधीच भरली आणि सरळ ओढली. कोरडा कापूस जळतो तेव्हा जळक्या चिंधीसारखी चव येते, घसा धरतो, आणि एकदा जळलेला कापूस पुन्हा भिजवून, पुसून, देवाचं नाव घेऊन सुधारत नाही. मी हे तिन्ही करून बघितलं. जळली की टाकायची आणि दुसरी घालायची. दुसरी असेल तर.

ओढायची पद्धत बदलावी लागते, याला दोन दिवस जातात. सिगारेट जोरात ओढली की जास्त पेटते. इथे जोरात ओढलं तर लिक्विड तोंडात येतं. सावकाश, तीन-चार सेकंद, मग थोडं थांबायचं म्हणजे कापूस पुन्हा भिजतो. पहिले दिवस खोकला येतो, तोंड कोरडं पडतं, पाणी पीत राहा. किकही सिगारेटइतकी झटकन येत नाही. ‘लागतच नाही’ म्हणून मधूनमधून एक सिगारेट, असं करू नका. दोन्ही चालू ठेवलं की फुफ्फुसात धूर जातोच, आणि पैसे दोन्हीकडे जातात.

चहानंतरची, जेवणानंतरची, मित्राचा फोन आला की बाल्कनीतली, अशा ठरलेल्या वेळांना डिव्हाइस हाताशी आणि चार्ज केलेलं पाहिजे. टपरीवरची सवय विलायतेतही जात नाही, फक्त टपरीच्या जागी थंडीत कुडकुडणारा फायर एक्झिट येतो. घरातली उरलेली पाकिटं, लायटर टाकून द्या. ‘पाहुण्यांसाठी’ ठेवू नका, ते पाहुणे आपणच असतो.

चार्जिंग सोबत आलेल्या केबलनेच करा, जागेपणी करा, उशीखाली नाही. बॅटरी वेगळी निघणारं डिव्हाइस असेल तर ती सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकू नका, ती पेट घेते. हे गंमत म्हणून सांगत नाही. लिक्विडच्या बाटल्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा, कुत्रं-मांजर असेल तरीही. निकोटिन पोटात जाणं म्हणजे विषबाधा.

एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, धूम्रपान सोडवणारी सेवा फुकट आहे. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र त्यांच्याकडे असतं. पहिल्या भेटीत आणि काही आठवड्यांनी फुंकून बघा. सिगारेट पूर्ण सुटली असेल तर आकडा खाली आलेला दिसतो, तिथे थाप चालत नाही. काही ठिकाणी सुरुवातीची ई-सिगारेटही तेच देतात, आधी विचारा आणि मग पैसे घाला. दिलीच तर कॉइल किती देतात तेही विचारा.

भारतात जाताना: नेऊ नका. विमानात बॅटरीमुळे ती केबिनच्या बॅगेतच लागते हे खरं, पण भारतात उतरल्यावर ती बंदी असलेली वस्तू आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सिंगापूरमार्गे जात असाल तर तिथेही बेकायदा. ड्रॉवरमध्ये ठेवून जा, इथल्या फार्मसीतून निकोटिनचे पॅच आणि गम घ्या, आणि सुट्टी संपेपर्यंत पुरतील इतके घ्या. मामाच्या अंगणात संध्याकाळी सगळे ओढत असतात तेव्हा या पॅच-गमची आठवण येते.

ताकद कमी करायची घाई नको, काही महिने जाऊ द्या. मग १८, १२, ६ असं हळूहळू.

पाकिटातली तिसरी कॉइल बसवली की त्याच दिवशी पुढचं पाकीट मागवा. ३१ डिसेंबर असेल तर सकाळीच.