कोरी मासे: मे महिना तगवा, मृगात अंडी घ्या

खानदेशात मासे पाळणाऱ्याची परीक्षा मे महिन्यात होते. जळगाव-भुसावळला पारा 44-45 वर गेला की घरातल्या टाकीचं पाणीही दुपारी 33-34 अंशांपर्यंत तापतं. माझे पहिले सहा कोरी मी ऐन मे महिन्यात आणले आणि आठवडाभरात सगळे गेले. दुसऱ्या खेपेला ऑगस्टात आणले, ते टिकले आणि पुढच्या जूनमध्ये त्यांनी काचेवर अंडी चिकटवली. म्हणून सगळ्यात आधी सांगतो, कोरी पाळायचे तर टाकीच्या आधी कॅलेंडर बघा. खरेदी पाऊस स्थिरावल्यावर, पैदास पुढच्या मृगात.

कोरी म्हणजे कोरिडोरास, दक्षिण अमेरिकेतले दोन-अडीच इंची मिशीवाले मासे. अंगावर खवले नाहीत, हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असतं. ठिपकेदार जातीचे नमुने खुद्द डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते, आणि 1842 साली त्यांवरून जातीला नाव मिळालं. आमच्या शेजारच्या आजींना मात्र एकच प्रश्न: "हाऊ मासा खावाना शे का?" नाही आजी, बघायचा आहे.

कोणते घ्यावेत

दुकानात बहुधा ब्राँझ, अल्बिनो आणि ठिपकेदार मिळतात. आपल्याकडे ब्राँझपासून सुरुवात करा. तो 22 ते 26 अंशांत सुखी असतो. स्टर्बाय जातीला 28 पर्यंतचं पाणी मानवतं, पण तो महाग पडतो. पांडाला थंड पाणी लागतं, त्याचा मोह आवरा. एकटादुकटा कोरी कोपऱ्यात दबून बसतो, म्हणून एकाच जातीचे निदान सहा घ्या. मिशा शाबूत आहेत का, पोट खपाटीला गेलंय का, हे बघून निवडा. पिशवी दुहेरी मागा, कारण त्यांच्या पंखांचे काटे प्लास्टिक भोसकतात. जाळीतही अडकतात. अडकलाच तर ओढू नका, जाळी कापा.

"हे तळातली घाण खातात, वेगळं खाणं नको," असं दुकानदार सांगेल. मलाही सांगितलं होतं. कोरी घाण खात नाही. वरच्या माशांचं उरलंसुरलं खाऊन तो फक्त हळूहळू उपाशी मरतो. रात्री दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या, द्या.

टाकी, वाळू, पाणी

दोन फुटी टाकी, म्हणजे 24 बाय 12 बाय 12 इंच, साधारण 55 लिटरची, पुरते. फिल्टर स्पंजचा आणि हवेच्या पंपावर चालणारा घ्या. वीज गेली की बॅटरीचा पंप त्यालाच जोडता येतो. मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाकत राहा. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात वाढायला तेवढा वेळ लागतोच.

तळाला बारीक वाळू हवी. कोरी तोंड वाळूत खुपसतो आणि कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडतो. टोकदार रंगीत खडीवर त्याच्या मिशा झिजतात. मी बांधकामावरची नदीची वाळू पिठाच्या चाळणीने चाळून घेतली (चाळणी नंतर घरात परत आली नाही) आणि बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुतली. थर बोटभर पुरे.

नळाचं पाणी आपल्याकडे तसंही ड्रममध्ये साठवलेलं असतं. त्यातला साधा क्लोरीन उघड्या ड्रममध्ये दिवसभरात उडतो. घाई असेल तर दुकानातलं अँटिक्लोरीन घाला. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात निम्मं आरओचं मिसळा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. मासा आजारी दिसला की मूठभर खडेमीठ टाकायची आपली सवय इथे सोडा, कोरीला मीठ सोसत नाही.

मे महिना

टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, कूलरच्या खोलीत ठेवा. झाकण काढून वर जाळी लावा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. कूलरने खोली दमट झाली असेल तर हा परिणाम कमी होतो, म्हणून खिडकी किलकिली ठेवा. दुपारी बर्फ झालेली पाण्याची बाटली बंद झाकणासह तरंगत ठेवा, सुटा बर्फ टाकू नका. दिवा दुपारी बंद, खाणं निम्म्यावर.

कोरी मधूनच सुसाट वर येऊन हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. ती हवा तो आतड्यातून शोषतो, त्यात काळजीचं काही नाही. पण सगळेच मिनिटामिनिटाला वर येऊ लागले तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. लगेच पंप वाढवा आणि थोडं पाणी बदला.

मृगात अंडी

वरून बघा. रुंद पोटाची ती मादी, सडपातळ आणि लहान तो नर. एका मादीमागे दोन नर असावेत आणि मासे वर्षभराचे झालेले असावेत. मेअखेरपासून ब्लडवर्म रोज द्या. मग आभाळ भरून आलं, हवा पालटली की निम्मं पाणी काढा आणि तीन-चार अंश थंड पाणी हळूहळू भरा. पहिल्या दोन-तीन पावसांनी हवा धुतली गेली की अंगणात उघड्यावर टब ठेवून पावसाचं पाणी धरा. पन्हाळीचं नको. ते निम्मं मिसळलं तर फारच उत्तम. त्यांच्या मूळ नद्यांत पावसाळा असाच येतो, तोच इशारा आपण देतोय. एका दिवसात नाही जमलं तर दोन-तीन दिवस हेच करा.

माझ्याकडे पहाटे सुरू झालं. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, इंग्रजी टी अक्षरासारखी जोडी क्षणभर थबकते. मादी वीर्य गिळते आणि ते आतड्यातून जाऊन अंड्यांपर्यंत पोहोचतं, हे 1995 साली जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर दाखवलं. मग ती पोटाखालच्या पंखांची ओंजळ करून त्यात दोन-चार अंडी धरते, काच तोंडाने चाचपते आणि तिथे अंडी दाबून चिकटवते. हे तासन् तास चालतं.

पहिल्या वेळी मी कौतुकाने बघत बसलो आणि संध्याकाळपर्यंत त्यांनीच निम्मी अंडी खाल्ली. तुम्ही तासाभराने, अंड्याचं कवच जरा घट्ट झालं की, बोटाच्या पेराने ती काचेवरून लोळवत सोडवा. आइस्क्रीमच्या डब्यात टाकीचंच पाणी घेऊन त्यात ठेवा. हवेची नळी मंद सोडा. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन तुकडाभर टाका, बुरशी कमी धरते. पांढरं पडलेलं अंडं ड्रॉपरने रोज काढा, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते.

पिल्लं

तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात. पहिले दोन दिवस खाणं नको, पोटाशी पिवळी शिदोरी असते. मग मायक्रोवर्म (सुतासारखे बारीक किडे) आणि अंड्यांतून नुकतेच निघालेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवलेसे जीव) द्या. मायक्रोवर्म घरी होतात: मक्याच्या पिठाची घट्ट लापशी गार करून त्यात चिमूटभर यीस्ट आणि कुणाच्या मायक्रोवर्मच्या डब्यातून आणलेलं चमचाभर विरजण. चार-पाच दिवसांत डब्याच्या कडेला किडे चढू लागतात, ते बोटाने पुसून घ्यायचे. उकडलेल्या अंड्याचा बलक मात्र पाणी नासवतो, मी सोडून दिला.

पिल्लं मरतात ती बहुतेक घाण तळामुळे. हवेच्या बारीक नळीने तळातली घाण रोज ओढून काढा, पाचवा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी त्याच तापमानाचं असू द्या. पाऊण इंचाची झाली की मोठ्यांच्या टाकीत सोडा. जास्तीची मित्रांना द्या, दुकानदारही घेतात. तापी-गिरणेत एकही सोडायचा नाही.