पावसाच्या आकड्यांचा सातबारा कसा लिहावा

२६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस झाला? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर, कुलाब्याला ७३.४. शहर एकच. शिवाय हवामान खात्याच्या तक्त्यात २६ तारखेपुढे हा आकडा सापडणार नाही, तो २७ तारखेला आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तेव्हा मोजलेलं पाणी त्या तारखेच्या नावावर चढतं.

कुठे, केव्हा, कशाने मोजलं, ही आकड्यांबद्दलची माहिती म्हणजे मेटाडेटा. मी त्याला सातबारा म्हणतो. जमीन कितीही सुपीक असो, उतारा नसेल तर कोणी हात लावत नाही. तुम्ही शेतावर, शाळेत किंवा सोसायटीच्या गच्चीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवला असेल, तर आकड्यांच्या फाइलशेजारी एक साधी मजकुराची फाइल उघडा आणि लिहायला लागा.

सुरुवात जागेपासून. अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत लिहा, म्हणजे जागा दहाएक मीटरच्या आत सापडते. मापक घरी आहे आणि पत्ता उघड करायचा नाही? मग दोनच स्थळं ठेवा, पण ‘मुद्दाम ढोबळ दिलं आहे’ असं स्पष्ट लिहा. मापकाचं तोंड जमिनीपासून किती उंच, जवळचं झाड किंवा भिंत किती दूर, किती उंच, हेही हवं. अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. तसा नसेल तर लाजू नका, आहे तसं लिहा. गच्चीतला मापक वाऱ्यामुळे पाऊस थोडा कमी पकडतो हे जाणकाराला ठाऊक असतं. तो गच्चीत आहे हे मात्र तुम्हीच सांगायला हवं. चारी दिशांचे चार फोटो जोडलेत तर बरंच लिहिणं वाचेल.

मग उपकरण: कंपनी, मॉडेल, क्रमांक, आणि एका टिपेला किती पाऊस. टिपिंग बकेट प्रकारात छोटी वाटी भरली की उलटते आणि एक टीप मोजली जाते. इथे एक चाचणी घरच्या घरी होते, ती जरूर करा. समजा फनेलचा व्यास २० सेंटिमीटर आणि एक टीप ०.२ मिलिमीटरची. मग एका टिपेला ६.२८ मिलिलिटर पाणी लागतं, शंभर टिपांना ६२८. तेवढं पाणी मोजून अगदी हळू, थेंबथेंब सोडा. भसकन ओतलंत तर वाटी उलटताना वर पडणारं पाणी मोजणीतून निसटतं. शंभराऐवजी ९४ टिपा आल्या तर ९४ लिहा, तारीख टाका. आकडे मागाहून ‘सुधारून’ मूळ फाइल पुसू नका.

वेळेबाबत तीन गोष्टी. घड्याळ भारतीय वेळेवर आहे की जागतिक (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे). मापक दर पंधरा मिनिटांनी नोंद करत असेल, तर नोंदीवरची वेळ त्या पंधरा मिनिटांच्या सुरुवातीची की शेवटची. आणि तुमचा दिवस मध्यरात्री बदलतो की साडेआठला.

प्रत्येक रकान्याचं एकक लिहा, आकडा त्या पंधरा मिनिटांचा की सकाळपासूनच्या बेरजेचा तेही. शून्य आणि रिकामी जागा यांची गल्लत तर सगळ्यात घातक. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. बॅटरी उतरली असेल तर रकाना रिकामा. माझ्या मापकाच्या फनेलमध्ये एकदा पिंपळाचं पान अडकलं होतं आणि ऐन आषाढात फाइलमध्ये पाच दिवस शून्य! ते शून्य पुढे कोणी खरं मानून सरासरी काढली असती.

म्हणून सातबाऱ्याला फेरफार असतो तसा इथेही ठेवा: पान काढलं, बॅटरी बदलली, मापक दोन मीटर सरकवला, शेजारी मजला चढला. तारीख आणि एक ओळ, बस.

आता वाटणं. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेची झेनोडो ही ऑनलाइन साठवण फुकट आहे आणि तिथे ठेवलेल्या आकड्यांच्या संचाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. परवाना निवडा, क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ घेतलात तर कोणीही वापरू शकतो, नाव मात्र तुमचं द्यावं लागतं. परवाना न लिहिलेल्या आकड्यांना सावध माणूस हात लावत नाही. शीर्षकात ‘पाऊस डेटा फायनल २’ नको. काय मोजलं, गाव, तालुका, जिल्हा, कधीपासून कधीपर्यंत, सगळं यावं. शोधयंत्राला तुमचे आकडे कळत नाहीत, ते शीर्षक, वर्णन आणि शोधशब्दच चाळतं. म्हणून शोधशब्द मराठीत द्या, इंग्रजीतही द्या, गावाच्या नावाची रोमन स्पेलिंगं दोन-तीन असतील तर तीही सगळी.

प्रकाशित करण्याआधी फोल्डर अशा कोणाला तरी द्या ज्याने मापक पाहिलेला नाही, आणि विचारा: १४ जुलैला किती पाऊस झाला? उत्तर शोधताना त्याने तुम्हाला जे जे विचारलं, ते ते फाइलमध्ये टाका.