पैलवानावर सिनेमा काढताय? आधी कागद करा

कोल्हापूरच्या एखाद्या पैलवानाचं आयुष्य पडद्यावर आणायचं, तर पटकथेआधी हक्कांचं बघा. राजगोपाल खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, सार्वजनिक दप्तरात (म्हणजे न्यायालयीन, सरकारी नोंदींत) आलेल्या गोष्टी मांडायला सहसा संमती लागत नाही. संसार, मुलंबाळं हे मात्र खासगी.

म्हणून पटकथेच्या समासात प्रत्येक प्रसंगापुढे खूण करा: दप्तरातला ‘द’, तोंडी ‘त’, कल्पित ‘क’. ‘त’ला दोन स्वतंत्र सांगणारे हवेत. तालमीतल्या आठवणी रंगतदार खऱ्या, पण दर सांगण्यात समोरचा पैलवान चार किलोंनी वाढतो.

घरच्यांशी करार करताना घात होतो तो एका वाक्याने: ‘अंतिम पटकथा कुटुंबाच्या मंजुरीने’. हे मान्य केलंत की दारू, कर्ज, हरलेली कुस्ती, सगळं गळतं आणि उरतो हार घातलेला फोटो. त्याऐवजी लिहा: पटकथा एकदा वाचायला देऊ, तपशिलातल्या चुका १५ दिवसांत लेखी कळवाव्यात, प्रसंग जोडणं, गाळणं आणि अंतिम संकलन दिग्दर्शकाकडे. जुनी पत्रं वापरणार असाल, तर परवानगी पत्र लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या वारसांची. पत्र ज्याच्या ट्रंकेत सापडलं त्याची नव्हे.

नाव बदललं म्हणजे सुटलो, असं नाही. तालीम, गल्ली आणि खासबाग मैदानातली गाजलेली कुस्ती तशीच ठेवलीत, तर गंगावेशीतलं पोरगंही माणूस ओळखेल. मग बदनामीच्या दाव्यात ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पाटी फारशी कामाला येत नाही.