कासला कुठला रोल, पालीला कुठला फिल्टर

फिल्मचा रोल एकदा कॅमेऱ्यात भरला की ३६ फोटो संपेपर्यंत आयएसओ (म्हणजे फिल्म उजेडाला किती तिखट, १००, ४०० असा आकडा) तोच, डिजिटलवरनं आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. त्यामुळं साताऱ्यातनं निघतानाच विचार करायचा की तिथं उजेड किती मिळणार.

कासचंच घ्या. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे डोक्यावर ढग आणि पठारावर वारा असला की फूल एका जागी थांबेल तर शप्पथ. १०० चा रोल असेल तर दाट ढगात एफ ५.६ ला (हे लेन्सच्या भोकाचं माप) शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास येतं आणि तेरड्याचा नुसता गुलाबी डाग होतो. ४०० च्या रोलला तेच १/५०० मिळतं. पोर्ट्रा ४०० भारीय पण खिसा रिकामा करते, अल्ट्रामॅक्सवर पण मस्त भागतं. असल्या कलर निगेटिव्हला उजेड एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त झाला तर चालतं, कमी पडला की सावल्यांचा चिखल होतो. स्लाइड फिल्मचं (जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं) उलटं, जरा जास्त झालं की पांढरंफटक, शिकताना तिच्या नादी लागू नका.

पोलरायझर नावाचा फिल्टर लेन्सवर लावला की ओल्या पानांवरची चमक जाते आणि हिरवा खुलतो, पण दीड-दोन स्टॉप खातो. म्हणजे १/५०० चं परत १/१२५, बसा वारा पडायची वाट बघत.

खरी मजा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये. फिल्टरचा जो रंग तो फोटोत उजळतो, त्याच्या विरुद्धचा काळवंडतो, एवढं डोक्यात बसलं की झालं. पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेला एचपी५ (४०० चा ब्लॅक अँड व्हाइट रोल) घेऊन जा, वर निळं आकाश आणि त्यात उधळलेला भंडारा. बिनफिल्टरचा काढला तर दोन्ही जवळपास सारखेच करडे येतात, हवेतला भंडारा शोधावा लागतो. पिवळा लावला की आकाश दबतं आणि भंडारा उठून येतो, खर्च फक्त एक स्टॉप. नारिंगीला साधारण दोन. लाल तीन स्टॉप खातो आणि वर गुलालसुद्धा पांढरा पाडतो, त्यामुळं मी तिथं लावत नाही. आणि हे सगळं निळ्या आकाशावर बरं का, कासच्या पांढऱ्या ढगांवर पिवळ्याचा काही इलाज चालत नाही.

कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधनं मोजत असेल तर फिल्टरचा हिशोब तो बराचसा स्वतः करतो, हातातला मीटर असेल तर तो तुम्हाला करायचाय. लाल लावून मीटरवर ४०० च ठेवलं आणि माझा अख्खा रोल पातळ आला, म्हणजे उजेड कमी पडला, तिथं ५० लावायला पाहिजे होतं.

फिल्टर घेताना लेन्सच्या रिंगवर साइज बघा, ४९ मिमी का ५२. आणि यात्रेतनं आल्यावर काचेवरचा भंडारा आधी ब्लोअरनं उडवा, रुमाल घासलात तर पिवळा फिल्टर फुकटात कायमचा बसतो.