ढगांच्या संयुक्त निरीक्षणाची तयारी कशी करावी

जमिनीवरील उपकरणांनी ढगांचा अभ्यास करण्यासाठी दोन-तीन संस्था एकत्र येतात, तेव्हा पहिल्या बैठकीत बहुधा कोणाकडे कोणते उपकरण आहे याचीच यादी होते. त्याआधी प्रश्न ठरवावा. रिमझिम ढगात केव्हा सुरू होते हे शोधायचे असेल, तर एकट्या रडारवर भागत नाही. रडारकडे परतणारा संकेत थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढतो, लिडारचा, म्हणजे लेझर किरण सोडून परत येणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणाचा, साधारण दुसऱ्या. म्हणून मोजके मोठे थेंब रडारला ठळक दिसतात, तर असंख्य बारीक थेंबांच्या ढगाचा तळ लिडार अचूक टिपतो, मात्र दाट ढगात त्याचा किरण लवकरच विरतो. डोक्यावरच्या ढगात एकूण द्रवजल किती, हे मायक्रोवेव्ह रेडिओमीटरवरून, म्हणजे आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजणाऱ्या उपकरणावरून, काढता येते. २००१ मध्ये युरोपात सुरू झालेल्या क्लाउडनेट प्रकल्पाने चिलबोल्टन (ब्रिटन), काबाउ (नेदरलँड्स) आणि पॅलेझो (फ्रान्स) येथे याच त्रयीवर भर दिला होता.

तिन्ही उपकरणे शेजारी-शेजारी, सरळ वर रोखून ठेवावीत आणि सर्व नोंदी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत घ्याव्यात. घड्याळांकडे दुर्लक्ष करू नये, कारण ढग सेकंदाला १० मीटर वेगाने सरकत असेल आणि एक घड्याळ मिनिटभर मागे असेल, तर आपण ६०० मीटर अंतरावरचे दोन भाग एकच समजून जोडतो. रडार आणि लिडार यांचे वेळ-उंची आलेख एकाखाली एक ठेवून ढगाची कड दोन्हींत एकाच क्षणी उमटते का, हे पाहिले की अशी चूक बहुधा उघडी पडते.

अंशांकनाचे वेळापत्रक, म्हणजे कोणते उपकरण कधी आणि कशाशी ताडून पाहायचे, हे लेखी ठरवावे. रडारमधील ३ डेसिबलची चूक म्हणजे संकेत जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा. रेडिओमीटरच्या अंशांकनासाठी द्रव नायट्रोजन वेळेवर मिळेल ना, ही किरकोळ वाटणारी बाब ऐनवेळी अडते. पावसात रेडिओमीटरचे आवरण ओले झाल्यावर आलेले आकडे वगळावेत. नोंदवहीत ‘०६:४० यूटीसी, लिडारची काच पुसली, आत दव नव्हते’ अशी ओळ असली, तर सहा महिन्यांनी आलेखातील अचानक उडीचे कारण सापडते. ती ओळ लिहिणाऱ्याचे नाव शोधनिबंधात यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहितीच्या मालकीचा विषय संकोचापोटी पुढे ढकलला जातो आणि पुढे त्यावरूनच संबंध बिघडतात. मूळ नोंदी कोण जपणार, नेटसीडीएफ (वैज्ञानिक माहिती साठवण्याचा एक प्रमाणित प्रकार) फायली कोण तयार करणार, सहलेखक कोण आणि माहिती सर्वांना खुली केव्हा होणार, हे उपकरणे हलवण्याआधीच कागदावर आणावे.

मुख्य मोहिमेपूर्वी आठवडाभराची चाचणी घ्यावी आणि त्या नोंदींचे विश्लेषण शेवटच्या आलेखापर्यंत न्यावे. त्यात निरभ्र आकाशाचा एखादा दिवस हवाच, कारण द्रवजल शून्य असताना रेडिओमीटर किती दाखवतो, हे त्याच दिवशी कळते.