देव गप्प असतो तेव्हा

आमच्या यजमानांचं डायलिसिस अडीच वर्षं चाललं. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून एकच मागणं मागायचे. ते गेले. घरसभेतल्या, म्हणजे घरी भरणाऱ्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेतल्या, पोरी अजून विचारतात, "मावशी, तरी तुम्ही प्रार्थना कशी करता?" त्यांना सांगते तेच इथे लिहितेय.

आधी औषधाचं. ते थांबवायचं नाही. "विश्वास असेल तर मशीन कशाला?" असं आम्हालाही एकानं सुनावलं होतं. अहो, बायबलमधल्या प्रेषित पौलानं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला आजारीच मिलेत गावात सोडलं. पौलाचा स्वतःचा अंगातला काटा, म्हणजे छळणारा त्रास, देवाला तीनदा विनवूनही निघाला नाही.

तक्रार करा, पण देवाकडेच. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा, सहाच वचनं आहेत. त्याचा शेवट गोड आहे. तो घशाखाली उतरत नसेल तर 88 काढा, ते अंधारातच संपतं. दार मात्र लावून घ्या. माझा आवाज ऐकून शेजारच्या वहिनी लाटणं हातात घेऊन धावत आल्या होत्या.

एक वही ठेवा. मी दोनशेपानी घेतली, डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडे उत्तर. उजवी बाजू महिनोन्‌महिने कोरी. बघवेना, तेव्हा तिथे त्या दिवशी घडलं ते लिहायला लागले. 'क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलं. समोरच्या बाईनं थर्मासमधला चहा दिला, साखर जास्त.' चहा हे उत्तर नव्हे, कुणी तसं पटवू लागलं तर मान डोलवू नका. पण पान कोरं राहिलं नाही.

रविवारी पुण्यातल्या पंचहौदच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी मागे, दाराजवळ बसायचे. कुणी साक्ष द्यायला उठलं, "प्रभूनं मला बरं केलं" म्हणालं, की पाणी प्यायला बाहेर. यात पाप नाही. गीत गाववत नसेल तर नुसतं उभं राहा, बाकीचे गातातच.

भेटायला येणाऱ्यांसाठीही एक सांगते. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि बिघडलं. "देवाची मर्जी" घरी ठेवून या, पोळ्या घेऊन या.

मला सगळे पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यायचे. त्यांची मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, पुढच्याच वर्षी बाई गेल्या. केडगावात त्या अखेरपर्यंत शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतराला लागलेल्या. ऐकून धीर आला नाही, पण हाताला काम हवं हे पटलं. मी देवळातल्या उशांचे अभ्रे शिवायला घेतले.

परवा नवी वही काढली. नातवाच्या दम्यासाठी मागणं लिहिलं, आणि सवयीनं मधोमध रेघ मारली.