कंपनी माझीच, पण विमा कुणाचा?

ट्रान्सपोर्टची प्रायव्हेट लिमिटेड काढायचं ठरलंच असेल, तर कंपनी नोंदणीचा स्पाइस प्लस फॉर्म, दोन संचालक, पॅन-टॅन हे सीएवर सोडा. फक्त आयएनसी-२०ए साठी त्याच्या मागे लागा. भागभांडवल खात्यात जमा झाल्याचं या फॉर्मवर कंपनी स्थापन झाल्यापासून १८० दिवसांच्या आत कळवलं नाही, तर कंपनीला ५० हजारांचा दंड बसतो. सीए लोक पहिलं बिल मिळालं की हा फॉर्म विसरतात, असं माझं मत झालंय.

आता माझं रडगाणं. कंपनीच्या आधीपासून माझी एक पिकअप होती, माझ्याच नावावर. फॉर्म २९, फॉर्म ३०, फायनान्सवाल्याची सही, आरटीओच्या चकरा, सगळं करून आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकावर) कंपनीचं नाव आणलं. त्या दिवशी पेढे वाटले! विम्याची पॉलिसी मात्र माझ्याच नावावर राहिली. कंपनी माझी, गाडी माझी, मग विमा दुसऱ्या कुणाचा असणार? ज्यांना मी गुरू मानत होतो ते वीस वर्षं जुने ट्रान्सपोर्टर म्हणाले, "चालतंय रे, कोण बघतं!"

बघितलं ना. खंबाटकीत गाडी कठड्याला घासली. विमा कंपनीच्या सर्व्हेयरने एका हातात आरसी, दुसऱ्या हातात पॉलिसी धरली आणि विचारलं, "हे गृहस्थ कोण?" मी म्हणालो, मीच. पण कायद्याने मी वेगळा आणि कंपनी वेगळी. गाडी विकल्यासारखीच होती ती, विकणारा मी आणि घेणारी कंपनी. पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो, तो राहिलाच. समोरच्याचं नुकसान झालं असतं तर थर्ड पार्टी विमा कामी आला असता. माझ्या गाडीचे ६२ हजार गेले ते गेले. आरटीओच्या एजंटलाही दोष देत नाही, त्याचं काम आरसीपुरतंच होतं.

परमिटबद्दल एवढंच सांगतो: ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, पण ते वजन गाडी धरून. एकट्या मालाचं समजू नका.

बिल्टी (माल नेण्याची पावती) फाडायला लागलात की दोन गोष्टी मागे लागतात. जीएसटीत तुम्ही जीटीए, म्हणजे मालवाहतूक एजन्सी ठरता, आणि सगळ्यांचा माल घेत असाल तर २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली कॉमन कॅरियरची (सर्वांचा माल नेणाऱ्याची) नोंदणी लागते. घाबरू नका, ती दहा वर्षं चालते. बिल्टीवर मालाची किंमत मात्र लिहून घ्या. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर द्यायचं कबूल केलेलं नसेल, तर माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास आपली जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते, आणि भांडण होतं ते नेमकं मालाच्या किमतीवरून.

परवा दुसरी गाडी घेतली, थेट कंपनीच्या नावावर. फायनान्सवाल्याने बोर्डाचा ठराव मागितला. दुसरी संचालक म्हणजे बायको. ती म्हणाली, "मीटिंग स्वयंपाकघरात घेऊ, पण आधी पॉलिसी दाखवा."